पोटाला धान्य, रानाला बी

युद्ध थांबल्यावर भूक का वाढते आणि ती थांबवायला अन्नाच्या पाकिटापलीकडे काय लागते, याचा धडा नगरच्या मातीत सव्वादोनशे वर्षांपूर्वी लिहिला गेला आहे.

युद्धाच्या बातम्यांत आकडे येतात ते ठार आणि जखमी झालेल्यांचे. गोळी न लागता गेलेल्यांची मोजदाद मागाहून होते, आणि अनेकदा तो आकडा मोठा निघतो. फौज येते, उभे पीक जाते, बैल जातात, माणसे गाव सोडतात, पेरणी चुकते. मग तोफा थंडावल्यावर काही महिन्यांनी भूक दारात येते. सुदान, गाझा, युक्रेन ही नावे आपण रोज वाचतो. पण ही साखळी समजून घ्यायला इतक्या लांब जायचे कारण नाही. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याने १८०२ ते १८०४ या काळात ती एकेका कडीसह भोगली आहे.

फौजांच्या वाटेवरचा मुलूख

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव वसईला गेले आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांनी इंग्रजांशी तह केला. पुढच्या वर्षी इंग्रज आणि शिंदे यांच्यात युद्ध पेटले. नगरचा किल्ला तेव्हा दौलतराव शिंद्यांकडे होता. जनरल आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्ट १८०३ रोजी नगरची पेठ घेतली आणि १२ तारखेला किल्ला ताब्यात आला. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक म्हणून ओळखला गेला.

या सगळ्यात दोष कोणा एका सरदाराचा नव्हता. त्या काळी बहुतेक फौजा मुलखावरच जगत. हजारो घोड्यांना रोज दाणा आणि वैरण लागे, तोफा आणि रसद ओढायला बैल लागत. पेंढाऱ्यांना तर पगारच नसे, त्यांची कमाई लुटीची. वेलस्ली १८०३ च्या एप्रिलमध्ये पुण्याकडे येत होता, तेव्हाच्या त्याच्या पत्रात वाटेवरच्या मुलखाचे वर्णन आहे. धान्य आणि वैरण संपलेली, घरे मोडून त्यांची लाकडे सरपणाला वापरलेली आणि माणसे जनावरे घेऊन परागंदा झालेली.

अशा वेळी गावाकडे एकच बचाव असे, जमिनीखालचे पेव. दख्खनेत ज्वारी पेवात ठेवत. कोरड्या, पाणी न साचणाऱ्या जागी खड्डा खणून, आतून कडबा किंवा भुसकट लावून, धान्य भरून तोंड मातीने बंद करत. यामागचे विज्ञान साधे आहे. बंद पेवात दाणे आणि त्यातले किडे श्वास घेतात, प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि कीड मरते. म्हणूनच पेव उघडल्या उघडल्या आत उतरू नये, असे जुनी माणसे सांगत. पण पेवाला एक मर्यादा होती. ज्यांना गावच सोडावे लागले, त्यांना पेव बरोबर नेता येत नव्हते.

त्यात १८०३ च्या पावसाळ्याने शेवटी शेवटी दगा दिला. नगरच्या दक्षिण भागात, कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पाथर्डीकडे, मुख्य पीक रब्बी ज्वारीचे. तिची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात होते आणि पुढे पीक जमिनीतल्या ओलीवर वाढते. ऑगस्टमध्ये नगरला लढाई, २३ सप्टेंबरला गोदावरीपलीकडे असईची लढाई आणि त्याच सुमारास पेरणीचा हंगाम. औत धरायला माणूस नाही, ओढायला बैल नाही आणि जिथे दोन्ही होते तिथे परतीचा पाऊस नाही. दुष्काळ आभाळातून आला हे खरे, पण त्याच्यासाठी वाट लढाईने मोकळी करून ठेवली होती.

आठ दिवसांचे अन्न की वर्षाचे?

या साखळीतली सर्वांत नाजूक कडी बियाण्याची. एक ढोबळ हिशेब करून पाहू. रब्बी ज्वारीला एकरी सुमारे ४ किलो बी लागते. पाच एकर कोरडवाहू रानाला २० किलो. पाच माणसांच्या घरात माणशी रोज अर्धा किलो ज्वारी धरली, तर हे २० किलो बी आठ दिवसांत संपते. तेच बी मातीत गेले आणि कमी पावसात एकरी अवघे दोन क्विंटल पिकले, तरी दहा क्विंटल ज्वारी होते. त्याच घराला ती वर्षभर पुरून उरते, शिवाय जनावरांना कडबा मिळतो.

म्हणजे बियाण्याचे गाडगे फुटते तेव्हा घराचे आठ दिवस निभावतात आणि वर्ष हातचे जाते. हे शेतकऱ्याला कळत नसते असे नाही. मुले उपाशी असली की कोणीही तेच करील. मग पेरणीच्या वेळी सावकाराकडून सवाई-दिढीने बी आणायचे, म्हणजे एका मणाचे सव्वा किंवा दीड मण परत करायचे. बैल आधीच गेलेले असतील तर तेही जमत नाही. जगभरच्या युद्धग्रस्त भागांत आजही हेच होते. आधी बी खाल्ले जाते, मग जनावरे विकली जातात, शेवटी जमीन सुटते.

नगरचे टिपण

१८०४ च्या उन्हाळ्यात नगरमध्ये उपासमारीने माणसे मरत होती. एप्रिलमध्ये वेलस्लीने मदतकार्याविषयी एक टिपण लिहिले. नुसते धान्य फुकट वाटण्याला त्याचा विरोध होता. त्यात गैरप्रकार होतात आणि एकाच ठिकाणी वाटप सुरू झाले की आसपासच्या, तितक्याच पीडलेल्या मुलखातून माणसे तिथे लोटतात, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून त्याने गरजूंचे दोन भाग करायला सांगितले. अंगात बळ आहे त्यांना सरकारी काम आणि त्याचा मोबदला द्यायचा. म्हातारे, मुले, आजारी आणि उपासाने खचलेले यांना इस्पितळात ठेवून अन्न आणि औषधपाणी द्यायचे.

पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांतही हीच विभागणी दिसते, आणि १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने राबवलेल्या रोजगार हमीतही तिचा धागा सापडतो. ज्या फौजांनी मुलूख ओरबाडला त्यांतल्याच एका फौजेच्या सेनापतीने हे टिपण लिहिले, ही गोष्ट बाजूला ठेवली तरी आजच्या वैद्यकशास्त्राच्या नजरेने त्यातला एक मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो. खचलेल्या माणसाला नुसते जेवण पुरत नाही, त्याच्यावर वैद्यकीय देखरेख लागते.

उपाशी शरीरात काय घडते?

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसे उभे करायचे हे समजावे म्हणून अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी एक प्रयोग केला. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने त्यात सामील झाले. २४ आठवडे अर्धपोटी राहिल्यावर त्यांचे वजन सुमारे पावपट घटले. नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, ताकद गेली, कशात मन लागेना, डोक्यात सतत खाण्याचेच विचार. शरीर इंधन वाचवण्यासाठी सगळे व्यवहार आवरते घेते, तो हा परिणाम. लढाईनंतर गावी परतलेला शेतकरी मरगळलेला दिसतो तेव्हा त्याला आळशी म्हणणे सोपे असते. पण त्याच्या स्नायूंत दिवसभर औत धरण्याचे बळच उरलेले नसते. पेरणी चुकण्याचे हेही एक कारण आहे.

दुसरा धोका त्याहून फसवा. अनेक दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपेट जेवू घातले तर तो दगावू शकतो. उपासात शरीरातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम यांचे साठे रिते झालेले असतात. अचानक पिष्टमय अन्न आले की इन्सुलिन वाढते आणि रक्तात उरलेसुरले क्षार पेशींमध्ये ओढले जातात. रक्तातली पातळी घसरते, हृदयाची लय बिघडते. महायुद्धाच्या अखेरीस छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांत असे मृत्यू डॉक्टरांनी पाहिले. म्हणून आज तीव्र कुपोषित मुलांवर रुग्णालयात उपचार करताना सुरुवातीला १०० मिलिलिटरमध्ये फक्त ७५ कॅलरी असलेले विशेष दूध थोडे थोडे देतात आणि प्रकृती स्थिरावल्यावरच आहार वाढवतात. ज्या मुलांना भूक लागते आणि गुंतागुंत नसते, त्यांना शेंगदाणा, दूध पावडर, तेल, साखर आणि क्षार-जीवनसत्त्वे यांची तयार पेस्ट घरीच देता येते.

किती द्यायचे, हाही शास्त्राचाच प्रश्न. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड धान्य आणि जोडीला थोडी रोकड पुरे, असे ठरवले. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, त्यातून जेमतेम दीड हजार कॅलरी मिळतात. खडी फोडणाऱ्या माणसाची गरज त्याच्या जवळजवळ दुप्पट. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणाला कडाडून विरोध केला होता. आज आपत्तीतल्या मदतीचे नियोजन करताना माणशी सरासरी २१०० कॅलरी धरतात, आणि कष्टाचे काम असेल तर त्याहून जास्त.

टिपणात न आलेली गोष्ट

वेलस्लीच्या टिपणाचा विषय होता माणसे जगवणे. एप्रिलमध्ये हे लिहिले जात होते तेव्हा मृगाला दोन महिने उरले होते. वाचलेली माणसे गावी जाऊन पेरणार काय आणि कशाने, हा त्या टिपणाचा विषय नव्हता.

त्याचे उत्तर त्या टिपणाच्या सव्वाशे वर्षे आधीच्या एका मराठी पत्रात आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना हे पत्र लिहिले. त्याचा आशय असा. गावोगाव फिरा, कुणबी गोळा करा. ज्याच्यात कष्ट करायची ताकद आहे पण बैल, नांगर, धान्य नाही म्हणून जो अडून बसला आहे, त्याला बैलांसाठी पैसे द्या, पोटासाठी खंडी-दोन खंडी धान्य द्या आणि त्याच्याच्याने होईल तेवढे शेत करवा. दिलेले परत घेताना व्याज लावू नका, त्याला ताकद येईल तसे मुद्दल हळूहळू घ्या.

यात पोटासाठी धान्य आणि शेतीचे भांडवल एकत्र दिले आहे, हा कळीचा मुद्दा. आज संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि इतर मदतसंस्था बियाण्याबरोबर काही आठवड्यांचे अन्न देतात ते याचसाठी. नुसते बी दिले तर ते खाल्ले जाते. नुसते अन्न दिले तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच द्यावे लागते.

मराठेशाहीत उजाड गावे पुन्हा वसवायला आणखी दोन साधने होती. तगाई, म्हणजे बी-बैलांसाठी सरकारी कर्ज. आणि इस्तावा, म्हणजे पहिल्या वर्षी नाममात्र सारा घेऊन तो वर्षागणिक चढवत नेण्याचा करार. परतलेल्या शेतकऱ्याला पहिल्याच पिकावर पूर्ण सारा लावला तर तो पुन्हा पळून जाईल, ही समज त्यामागे होती. बाजीरावाच्या काळात महसूल वसुलीचे मक्ते दिले जाऊ लागले तेव्हा मक्तेदाराला गाव वसण्याची वाट पाहायला सवड नव्हती. मदत आणि वसुली एकमेकांच्या विरुद्ध चालल्या की शेती उभी राहत नाही.

मुळात नासाडी होऊ न देणे हे सर्वांत स्वस्त. मे १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेले पत्रही प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळ्यात साठा संपेल आणि मग तुमचे लोक रयतेच्या घरात शिरतील, असा त्यातला इशारा आहे. तीनशे वर्षांनी, १९७७ मध्ये, जिनिव्हा करारांच्या पुरवणी मसुद्यात पिके, गुरे, अन्नसाठे आणि पिण्याच्या पाण्याची साधने यांवर हल्ला करण्यास मनाई झाली. मे २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४१७ मंजूर करून उपासमारीचा युद्धातले हत्यार म्हणून वापर करण्याचा निषेध केला. नियम आहेत, पाळणारे कमी.

ज्वारीच्या माहेरी

सुदान हे आजचे सर्वांत बोलके उदाहरण, आणि नगरकरांना जवळचेही. ज्वारीचे मूळ घर सुदान-इथिओपियाच्या परिसरात मानले जाते. आपल्याकडे भाकरी, तशी तिकडे आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाची किसरा नावाची पातळ पोळी. तिथे १५ एप्रिल २०२३ रोजी सैन्य आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध सुरू झाले. त्या वर्षाच्या डिसेंबरात वाद मदनी हे शहर निमलष्करी दलाच्या हाती गेले. हे शहर म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या बागायती पट्ट्याचे केंद्र. तिथल्या राष्ट्रीय बियाणे पेढीचीही लूट आणि नासधूस झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जाहीर केले. वेढा पडलेल्या अल फाशर शहरात माणसे जनावरांची शेंगदाणा पेंड खाऊन दिवस काढत होती.

बियाण्याच्या बाबतीत मात्र शास्त्रज्ञांनी थोडी आशा राखली आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर डोंगराच्या पोटात, उणे १८ अंश तापमानात जगभरच्या बियाण्यांच्या प्रती ठेवलेल्या आहेत. सीरियात अलेप्पोजवळची मोठी बियाणे पेढी युद्धात सापडली तेव्हा तिच्या शास्त्रज्ञांनी आधीच तिथे ठेवलेल्या प्रती २०१५ मध्ये परत मागवल्या. ही स्वालबार्डमधून बी काढण्याची पहिलीच वेळ. लेबनॉन आणि मोरोक्कोत ते पेरून वाढवले आणि २०१७ पासून पुन्हा तिथे ठेवायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुदानमधून वाचवलेले बियाणेही स्वालबार्डला पोहोचले. त्यात ज्वारीचे वाण होते.

पण बर्फातले बी पुढच्या महिन्यातल्या पेरणीला उपयोगी पडत नाही. ती मूठमूठ असते, वाण जगवण्यासाठी. शेतकऱ्याला लागते पोतेभर, आणि त्याच्या जमिनीला ओळखणारे. हलक्या रानात भारी जमिनीचा वाण पेरला तर पीक कणसात येण्याआधी ओल संपते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीनुसार वेगवेगळे दिले आहेत. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा आणि फुले रेवती. नगरला जे लागू, तेच दारफूरलाही. म्हणूनच अनुभवी मदतसंस्था परदेशातून अनोळखी बियाण्याची पोती आणण्याऐवजी शक्य तिथे शेतकऱ्याला पैसे किंवा कुपन देतात आणि जवळपासच्या शेतकऱ्यांकडे, व्यापाऱ्यांकडे उरलेले स्थानिक बी बाजार भरवून त्याच्यापर्यंत आणतात.

याचे घरगुती रूप आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी आहे. राहीबाई सोमा पोपेरे यांनी तिथे गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी घ्यायचे, पेरायचे आणि हंगामानंतर बी परत करायचे, असा हा व्यवहार. मडकी, राख, कडुनिंबाचा पाला या जुन्या साधनांमागेही शास्त्र आहे. बियाण्यातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्रातला ठोकताळा आहे. राख ओल शोषते, किडीला अटकाव करते. अकोल्यात युद्ध नाही, पण पाऊस हुकतो, दुबार पेरणी येते आणि त्या वेळी बी गावातच असणे म्हणजे काय, हे तिथल्या बायकांना सांगावे लागत नाही.

मदतीकडे पाहताना

युद्धग्रस्तांसाठी पैसे गोळा होतात तेव्हा डोळ्यांसमोर अन्नाची पाकिटे येतात. ती हवीतच. पहिले काम जीव वाचवण्याचे. पण जिथे थोडीही शांतता आहे तिथे पेरणीच्या आधी बी, जनावरांना चारा आणि लस, अवजारे, आणि पीक हाती येईपर्यंतचे धान्य पोहोचले पाहिजे. यात वेळ सर्वांत महाग. पेरणीनंतर महिन्याने आलेले बियाणे म्हणजे खाण्याचे धान्यच. आणि पीक निघायच्या सुमारास बाहेरचे धान्य फुकट ओतले तर कसेबसे पिकवलेल्या शेतकऱ्याचा भाव पडतो. त्यामुळे एखाद्या मदतकार्याला देणगी देताना किती टन अन्न वाटले, याच्या जोडीला एक प्रश्न जरूर विचारावा. तिथली पेरणी कधी आहे आणि तिच्याआधी किती घरांत बी पोहोचेल? १८०४ च्या एप्रिलमध्ये नगरच्या पेठेत जी माणसे अन्नासाठी उभी होती, त्यांच्यापुढेही दोन महिन्यांनी हाच प्रश्न उभा राहणार होता.